ताणा, बाणा आणि दृष्टिभ्रम : भौमितिक अमूर्त चित्रकलेतील रंगविचाराचा वस्त्रविणकामाशी असलेला ऐतिहासिक संबंध

गोषवारा :

भौमितिक अमूर्त चित्रकलेत रंगाच्या योगाने निर्माण होणारा दृष्टिभ्रम हा विसाव्या शतकातील चित्रकारांचा शोध मानला जातो. प्रस्तुत निबंधात या समजुतीची तपासणी केली आहे. युरोपातील शेव्रल, बेझोल्ड व आल्बर्स यांचा रंगविचार आणि मुंबईतील विणकर सेवा केंद्रात चित्रकारांनी केलेले काम यांचा मागोवा घेतला असता, रंग शेजारामुळे बदलतो हे ज्ञान चित्रफलकाआधी मागावर आणि रंगशाळेत घडले होते, असे दिसून येते. चित्रकाराने त्या ज्ञानाला स्वतंत्र विषयाचा दर्जा दिला. कलेच्या इतिहासलेखनात मात्र विणकराची बाजू दुय्यम राहिली. विट्यासारख्या मागांच्या गावातील महाविद्यालयांना या प्रश्नाचा विचार करणे का आवश्यक आहे, हेही येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : भौमितिक अमूर्तता, दृष्टिभ्रम, समकालिक विरोध, ताणा-बाणा, विणकर सेवा केंद्र, बिंदू.

१. प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे यंत्रमागांचे गाव म्हणून परिचित आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९६० मध्ये त्या नव्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. या दुष्काळी पट्ट्यातील माणसांना दोन व्यवसायांनी हात दिला. एक माग आणि दुसरा सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा. दोन्ही व्यवसायांत डोळ्याची पारख मोलाची असते. सोन्याचा कस पाहणारा मनुष्य काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो आणि ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ तिच्या शेजारी ओढतो. एकट्या रेघेवरून तो निर्णय देत नाही. पिवळेपणाची पारख दुसऱ्या पिवळ्याशेजारीच होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

रंगाविषयीचे हे तत्त्व, म्हणजे रंगाचे दिसणे त्याच्या शेजारावर अवलंबून असते हे तत्त्व, आधुनिक भौमितिक अमूर्त चित्रकलेचा पाया आहे. चौरस, वर्तुळ, त्रिकोण आणि पट्टे यांखेरीज ज्यात काहीच नाही अशा चित्रात डोळ्यासमोर जी हालचाल, जी खोली, जो प्रकाश जाणवतो तो बहुतांशी या तत्त्वाचा परिणाम असतो. असे असूनही पदवी वर्गांना शिकवल्या जाणाऱ्या कलेच्या इतिहासात ही कहाणी चित्रकारांच्या नावांनी सुरू होते आणि चित्रकारांच्या नावांनीच संपते. तिच्यात रंगारी नसतो, विणकर नसतो. ही अनुपस्थिती इतिहासाला धरून आहे काय, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

२. भ्रमाचे दोन प्रकार

चित्रकलेतील भ्रमाचा विचार करताना दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार यथार्थदर्शनाचा. सपाट कापडावर रस्ता दूर जाताना दिसतो, फळाला गोलाई येते, रेशमी वस्त्राच्या घड्या हाताला जाणवतील अशा वाटतात. या भ्रमाचे यश पृष्ठभाग विसरायला लावण्यात आहे. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेने महाराष्ट्रात ही दृष्टी रुजवली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढल्यावर ती घरोघरच्या भिंतींवर पोहोचली. कोल्हापुरात आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांनी, तर औंध संस्थानात स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तिला आश्रय व प्रतिष्ठा दिली. विट्याशेजारचा आटपाडी परिसर औंध संस्थानातच होता आणि १९३८ साली उभे राहिलेले औंधचे वस्तुसंग्रहालय आजही या भागातील विद्यार्थ्यांना चित्र पाहण्याचा पहिला अनुभव देते. चित्र म्हणजे हुबेहूब चित्र, ही आपल्याकडील सर्वसाधारण धारणा या परंपरेतून आली आहे.

दुसरा प्रकार नेत्रगत भ्रमाचा. येथे चित्रात कोणत्याही वस्तूची नक्कल नसते. एकच करडा चौरस काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर मळकट दिसतो. लाल आणि हिरवा हे सारख्या उजळपणाचे रंग एकमेकांना भिडले की त्यांची कड थरथरू लागते. काळ्या जमिनीवर लाल आकार बहुतेकांना जवळ आलेला आणि निळा मागे सरलेला वाटतो. कारण डोळ्याच्या भिंगातून या दोन रंगांचे किरण सारख्याच प्रमाणात वळत नाहीत. येथे पृष्ठभाग विसरला जात नाही. उलट आपला डोळा काय करतो याची जाणीव पाहणाऱ्याला होते. पहिला भ्रम वस्तूविषयी असतो, दुसरा पाहण्याविषयी.

अमूर्त चित्रकारांनी पहिल्या भ्रमाचा त्याग केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या त्यागानंतर चित्रातून भ्रम नाहीसा झाला नाही. तो रंगाच्या वाटेने परत आला. रज्जुसर्पाच्या दृष्टांतात दिवा आणताच साप नाहीसा होतो. येथे मात्र भ्रमाचे कारण पूर्णपणे समजल्यावरही भ्रम टिकून राहतो. करडा चौरस दोन्हीकडे एकच आहे हे मोजून दाखवले तरी तो वेगवेगळाच दिसतो. त्यामुळे या भ्रमाला चूक म्हणता येत नाही. तो दृष्टीचा स्वभाव आहे.

३. रंगशाळेतील तक्रार आणि तिचे परिणाम

हा स्वभाव शास्त्रीय रीतीने मांडला गेला तो कोणत्याही चित्रशाळेत नव्हे. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल यांची पॅरिसमधील गोबलँ या राजकीय विणकामशाळेत रंगविभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. भिंतीवर लावायचे चित्रपट तेथे लोकरीत विणले जात. काळी लोकर फिकी पडते, तिला जोर नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. शेव्रल यांनी लोकर तपासली. रंगात दोष आढळला नाही. ती काळी लोकर निळ्या व जांभळ्या रंगांच्या छटांमध्ये सावली दाखवण्यासाठी वापरली जात होती आणि त्या शेजारामुळे तिच्यावर विरुद्ध रंगाची पिवळसर झाक चढत होती. दोष रंगाच्या पिंपात नव्हता, शेजारात होता. या निरीक्षणातून त्यांनी रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम सिद्ध केला आणि १८३९ मध्ये त्यावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे सुरा यांच्या ठिपक्यांच्या चित्रांना आणि १९१२ च्या सुमारास दलोने यांच्या रंगचक्रांना याच ग्रंथाचा आधार मिळाला.

दुसरा पुरावा जर्मनीतला आहे. विल्हेल्म फॉन बेझोल्ड हे व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ होते; गालिच्यांचे नमुने तयार करणे हा त्यांचा छंद. नमुन्यातील एकच रंग बदलला तर संपूर्ण गालिच्याचा रंगभाव पालटतो, हे त्यांच्या लक्षात आले. १८७४ च्या त्यांच्या रंगविषयक ग्रंथाचा रोखही कला आणि कारागिरी या दोन्हींकडे होता. बेझोल्ड यांचे निरीक्षण शेव्रल यांच्या नियमाला पूरक आहे आणि एका अर्थी त्याच्या उलटही आहे. रंगाचे पट्टे रुंद असतील तर शेजारी रंग एकमेकांपासून दूर जातात. तेच पट्टे धाग्याएवढे बारीक झाले तर एकमेकांत मिसळू लागतात. रुंदीत विरोध, बारकाईत मिलाफ. हा भेद चित्रकाराला कुंचल्याने सहज जाणवत नाही. धाग्याची जाडी आणि कापड पाहण्याचे अंतर ठरवणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी शिकावा लागतो.

तिसरा पुरावा बाऊहाउस या कलाशाळेचा आहे. १९१९ ते १९३३ या काळात चाललेल्या या शाळेत प्रवेश घेणाऱ्या स्त्रियांना बहुधा विणकाम विभागाकडे पाठवले जाई. पुढे आल्बर्स या आडनावाने ओळखल्या गेलेल्या अ‍ॅनी १९२२ मध्ये तेथे दाखल झाल्या. चित्रकार पॉल क्ले यांनी १९२७ पासून विणकाम विभागाच्या विद्यार्थिनींना आकृतिबंधाचे पाठ दिले. अ‍ॅनी यांचे पती जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून १९७६ मधील मृत्यूपर्यंत एकात एक बसवलेल्या तीन किंवा चार चौरसांची हजारांहून अधिक चित्रे केली आणि १९६३ मध्ये रंगांच्या परस्परक्रियेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भौमितिक अमूर्ततेच्या प्रत्येक अभ्यासकाला हा ग्रंथ ठाऊक असतो. १९६५ मध्ये अ‍ॅनी यांनी विणकामावर लिहिलेला ग्रंथ मात्र चित्रकलेच्या अभ्यासक्रमात क्वचितच दिसतो. एकाच घरात दोन वर्षांच्या अंतराने सिद्ध झालेल्या दोन ग्रंथांच्या वाट्याला आलेली ही वेगवेगळी प्रतिष्ठा आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

१९६५ सालीच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम साइट्झ यांनी भरवलेल्या प्रदर्शनाने नेत्रगत भ्रमाच्या चित्रकलेला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. हंगेरीत जन्मलेले व्हिक्टर व्हासारेली आणि इंग्लंडच्या ब्रिजेट रायली ही त्यातील प्रमुख नावे. या प्रदर्शनानंतर रायली यांच्या चित्रांवरून बेतलेले कपडे न्यूयॉर्कच्या दुकानांत विक्रीला आले. त्यासाठी त्यांची परवानगी घेतलेली नव्हती आणि त्यांनी या प्रकाराला ठाम विरोध केला. चित्रकाराच्या हक्काचा हा प्रश्न रास्तच होता. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, कापडावरून फलकावर गेलेले ज्ञान अशा रीतीने पुन्हा कापडावर आले होते, आणि या वेळी त्याच्या मालकीची चौकशी झाली. पहिल्या खेपेला ती कोणी केली नव्हती.

४. आपल्या मागावरील रंगज्ञान

युरोपातील ही उदाहरणे लिखित स्वरूपात उपलब्ध असल्याने इतिहासात आली. आपल्याकडील रंगज्ञान कापडात राहिले. पैठणीतील धूपछाव हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की तयार होणाऱ्या कापडाचा रंग त्या दोहोंपैकी एकही नसतो. उजेड कोठून येतो आणि पदर कसा वळतो यानुसार कधी ताणा वर येतो, कधी बाणा. येथे रंग ही वस्तूवर कायमची बसलेली गोष्ट राहत नाही. पाहणारा, उजेड आणि वस्त्र या तिघांमध्ये ती घडत असते. गुळेदगुड्डच्या खणातही, जो सांगली, सोलापूर, कोल्हापूर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, हेच तत्त्व चोळीच्या लहानशा तुकड्यात दिसते.

चंद्रकळेचे उदाहरण शेव्रल यांच्या तक्रारीशी ताडून पाहण्याजोगे आहे. काळ्या अंगाला लाल काठ देण्याची पद्धत जुनी आहे. समकालिक विरोधाच्या नियमानुसार लाल रंगाच्या शेजारी काळ्यावर किंचित हिरवट, थंड झाक चढते आणि काळा अधिक गहिरा वाटतो. त्याच काळ्याला निळा किंवा जांभळा काठ दिला तर त्याच्यावर पिवळसर झाक येऊन तो जुनाट दिसू लागतो. गोबलँमधील कारागिरांना जी अडचण आली ती चंद्रकळेच्या रचनेत उद्‍भवतच नाही. रंगसंगतीची निवड करणाऱ्याने हा नियम शब्दांत मांडला नसेल. त्याने तो काठात विणला.

चौकडीच्या कापडाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. काळ्या चौरसांमधून पांढऱ्या रेषा जात असतील तर त्या रेषांच्या छेदावर करड्या ठिपक्यांचा भास होतो. नजर नेमकी तेथे वळवली की ठिपका नाहीसा होतो. लुडिमार हेर्मान यांनी १८७० मध्ये या भासाची नोंद केली. डोळ्यातील शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचा प्रतिसाद दडपतात हे कारण बराच काळ त्यासाठी दिले गेले. अशा दडपणाचे मूलभूत संशोधन एका सागरी जीवाच्या डोळ्यावर करणारे हार्टलाइन यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या भासाला तेवढेच एक कारण पुरे पडत नाही असे पुढील संशोधनाने दाखवले. तरीही डोळा शेजाराचा हिशेब करूनच पाहतो, हा निष्कर्ष कायम आहे.

या ज्ञानाची नोंद आपल्याकडे आणखी एका ठिकाणी झाली आहे. ते ठिकाण म्हणजे भाषा. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, श्रीखंडी, अबोली ही मराठीतील रंगनामे फळाफुलांवरून व खाद्यपदार्थांवरून आली. मोरपंखी आणि पारवा ही नावे मात्र वेगळ्या जातीची आहेत. मोराचे पीस आणि पारव्याची मान यांचा रंग एक नसतो. पाहण्याचा कोन बदलला की तो बदलतो. अशा पालटणाऱ्या रंगासाठी भाषेत स्वतंत्र नावे असणे, हे रंग सापेक्ष असतो या जाणिवेचे लक्षण मानता येईल. मराठी, भौतिकशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र यावे असे हे क्षेत्र आहे.

५. विणकर सेवा केंद्र आणि मुंबईचे चित्रकार

महाराष्ट्राच्या संदर्भात माग आणि आधुनिक चित्रफलक यांची गाठ एका संस्थेत पडली. स्वातंत्र्यानंतर हातमाग व्यवसायाच्या पुनरुज्जीवनाचा भाग म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ साली मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. नव्या नमुन्यांसाठी तेथे कलाशाळांतून शिकलेल्या चित्रकारांना नोकरीवर घेण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन हे १९५९ ते १९६१ या काळात अखिल भारतीय हातमाग मंडळात आकृतिबंध विभागाचे उपसंचालक होते. अकोल्याचे अंबादास यांनीही केंद्रात काम केले. चित्रविक्रीवर निर्वाह होणे अशक्य असलेल्या त्या काळात या नोकऱ्यांनी अनेक चित्रकारांना आधार दिला. एरवी या गोष्टीची नोंद चरित्रातील एका ओळीत होते आणि नोकरी म्हणजे केवळ उदरनिर्वाह असे गृहीत धरले जाते.

प्रभाकर बरवे यांच्या बाबतीत हे गृहीतक पुरेसे ठरत नाही. १९३६ साली अलिबाग तालुक्यातील नागाव येथे जन्मलेले बरवे १९५९ मध्ये कलाशाळेतून बाहेर पडले आणि १९६१ पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात होते. त्यातील १९६५ पर्यंतचा काळ त्यांनी बनारसच्या केंद्रात घालवला. तेथे तांत्रिक आकृत्यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला, हे समीक्षकांनी वारंवार नोंदवले आहे. त्या काळातील त्यांच्या चित्रांत भौमितिक आकार, सपाट तेजस्वी रंग आणि चिन्हे येतात. १९६६ मध्ये अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर बिरेन डे, गुलाम रसूल संतोष अशा चित्रकारांच्या भौमितिक आकृत्यांची चर्चा तांत्रिक प्रतीकांच्या अंगानेच अधिक झाली.

परंतु बनारस हे जसे यंत्रांचे व मंत्रांचे शहर आहे, तसे ते नक्शाबंदांचेही शहर आहे. रेशमी वस्त्रावरील वेलबुट्टी मागावर चढवण्यापूर्वी तिचा नक्शा चौकटींत बसवावा लागतो. वक्र पाकळी चौकटीत आली की तिला पायऱ्या पडतात. ताणा उभा, बाणा आडवा. यांखेरीज तिसरी दिशा मागाला ठाऊक नाही. युरोपीय समीक्षेत उभ्या-आडव्या रेषांची चौकट ही आधुनिकतेची निशाणी मानली जाते. मागावर ती भूमिका नसून वस्तुस्थिती असते. ज्याचा दिवस आकृती चौकटीत बसवण्यात आणि तीच आकृती चार वेगवेगळ्या रंगसंगतींत तपासण्यात जातो, त्याच्या पाहण्यावर त्या कामाचा संस्कार होणे स्वाभाविक आहे. पुढे १९७० च्या दशकापासून बरवे यांनी इनॅमल रंगांत केलेल्या चित्रांतील सपाट, कुंचल्याची खूण न उरलेले रंगक्षेत्र आणि वस्तू व अवकाश यांचे परस्परसंबंध यांकडे या दृष्टीने पाहायला हवे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी ग्रंथात आकार आणि अवकाश यांच्या नात्याचे जे चिंतन आहे, त्याच्यामागे मागासमोरील ही वर्षेही उभी आहेत, असे म्हणणे अवास्तव होणार नाही.

क्ले यांच्या मार्गानेही हा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. शंकर पळशीकर, वासुदेव गायतोंडे आणि पुढील पिढीतील प्रभाकर कोलते यांच्यावर क्ले यांच्या चित्रविचाराचा परिणाम झाला, हे मान्य आहे. त्या चित्रविचाराची घडण होत असताना क्ले विणकाम विभागात शिकवत होते, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत येत नाही.

६. रझा यांचा बिंदू आणि नसरीन यांच्या रेषा

भौमितिक अमूर्ततेतील रंगाचा सर्वांत परिचित भारतीय आविष्कार म्हणजे सय्यद हैदर रझा यांचा बिंदू. मध्य प्रांतातील बाबरिया येथे १९२२ साली जन्मलेले रझा नागपूर व मुंबई येथील कलाशाळांत शिकले, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या चित्रांत काळे वर्तुळ, त्याभोवतीची वलये, त्रिकोण आणि पंचतत्त्वांशी जोडलेले पाच रंग यांची रचना स्थिरावली. बालपणी लक्ष एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवण रझा स्वतः सांगत असत.

रझा यांच्या बिंदूचे प्रतीकार्थ भरपूर सांगितले गेले. त्याच्या दृश्य परिणामाचा विचार त्यामानाने थोडा झाला. काळ्यापासून पांढऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या पट्ट्या एकमेकींना लागून असतील, तर प्रत्येक पट्टी सपाट असूनही तिच्या गडद शेजाराकडील कड उजळ आणि उजळ शेजाराकडील कड गडद भासते. शेव्रल यांनी हे पाहिले होते आणि अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. वलयांच्या रचनेत या भासामुळे केंद्राभोवती प्रकाश पाझरल्यासारखा वाटतो. मधले काळे वर्तुळ कधी पुढे आलेल्या गोलासारखे, कधी आत गेलेल्या विवरासारखे दिसते; डोळा दोहोंपैकी एकावर स्थिर होत नाही. बीज आणि शून्य हे बिंदूचे दोन्ही अर्थ रसिकाला पटतात, याचे एक कारण तो डोळ्याला दोन्ही रीतींनी दिसतो हेही आहे. प्रतीक येथे दृष्टिभ्रमाच्या आधाराने उभे आहे. रझा यांनी हे मागावरून घेतले असा दावा येथे करायचा नाही. त्यांचे मूळ मंडल्याच्या अरण्यात, लघुचित्रांत आणि फ्रान्समधील शिक्षणात आहे. एकच दृष्टिस्वभाव निरनिराळ्या वाटांनी हाती लागतो, एवढेच यातून दिसते.

नसरीन मोहम्मदी यांचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९३७ मध्ये कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नसरीन यांनी १९७२ पासून बडोद्यात अध्यापन केले; १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी रंग जवळपास पूर्णपणे वर्ज्य केला. शाई आणि पेन्सिल यांनी ओढलेल्या समांतर रेषांमधील अंतर थोडे बदलत जाते आणि कागद वाकल्यासारखा, तरंगल्यासारखा वाटतो. विरळ व घट्ट रेषांतून करड्याच्या छटा निर्माण होतात. कापडात धागे विरळ-घट्ट झाले की जे घडते तेच येथे कागदावर घडते.

७. चमत्कृती की ज्ञान?

नेत्रगत भ्रमाच्या चित्रकलेवर १९६५ पासून एक आक्षेप घेतला जातो. ही डोळ्याला दिपवणारी करामत आहे, तिच्यात आशय नाही, असा तो आक्षेप. हाच आक्षेप कापडाच्या नक्षीवरही घेतला गेला आहे. नक्षी म्हणजे शोभा, आशय म्हणजे चित्र. या दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच असल्याचे दिसते. जे डोळ्याला सुख देते ते बुद्धीला काही शिकवू शकत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. भारतीय काव्यशास्त्राने चमत्काराला रसिकाच्या चित्ताच्या विस्ताराशी जोडले. मराठी समीक्षेत मात्र चमत्कृती हा शब्द बहुधा कमीपणा दाखवण्यासाठी वापरला जातो.

प्रत्यक्षात या भ्रमातून मिळणारे ज्ञान मूलगामी आहे. रंगाला स्वतःचे असे एकच दिसणे नसते. तो शेजारातून ठरतो. डोळा केवळ आरशासारखा नसतो. तो तुलना करतो, निष्कर्ष काढतो. हे ज्ञान विणकर आणि चित्रकार या दोघांकडेही आहे, पण त्यांच्या व्यवहारात फरक आहे आणि तो नाकारणे योग्य होणार नाही. विणकराचे कापड अंगावर जाते. तेथे रंगाचा परिणाम नेसणाऱ्याच्या शोभेत विलीन होतो. चित्रकार तोच परिणाम इतर सर्व प्रयोजनांपासून वेगळा काढतो, भिंतीवर टांगतो आणि पाहणाऱ्याला केवळ पाहण्याकडे लक्ष द्यायला लावतो. ही चित्रकाराची देणगी खरी आहे. आक्षेप आहे तो या वेगळे काढण्यालाच शोध समजून त्याआधीचे सर्व अनाम ठरवण्याच्या इतिहासलेखनाच्या सवयीवर.

८. विट्याच्या संदर्भात

हा प्रश्न मागांच्या गावातील महाविद्यालयांसाठी केवळ सैद्धांतिक नाही. महाराष्ट्रातील यंत्रमागांवर मोठ्या प्रमाणावर कोरे कापड विणले जाते. रंग त्याला नंतर, दुसऱ्या गावच्या प्रक्रियागृहात चढतो. त्यामुळे ताण्याचा आणि बाण्याचा रंग ठरवण्याचा निर्णय, जो हातमागावरील कारागिराच्या ज्ञानाचा गाभा होता, तो यंत्रमाग चालवणाऱ्याच्या हाती राहत नाही. धोट्याची गती वाढली, परंतु रंगाची निवड मागापासून दूर गेली. कांडी भरणाऱ्या, फणीतून धागे ओवणाऱ्या हातांना ज्या पिढीने रंगाचा शेजार शिकवला, ती पिढी आता वृद्ध होत आहे. तिचे ज्ञान ग्रंथात नाही. ते तिच्या बोलण्यात, जुन्या लुगड्यांत आणि नमुन्याच्या तुकड्यांत आहे. तेही हळूहळू नाहीसे होईल.

इतिहासाच्या अभ्यासकाला सनदा, बखरी, दप्तरे ही साधने वाटतात. कापडाचा तुकडा वाटत नाही. ही दृष्टी बदलणे आवश्यक आहे. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी माग आहे किंवा होता. त्यांनी घरातील जुन्या वस्त्रांची रंगसंगती, तिची बोलीतील नावे आणि ती कशी ठरवली जात असे याविषयीच्या आठवणी नोंदवल्या, तर एका प्रादेशिक रंगविचाराचे साधनसाहित्य उभे राहू शकते. आल्बर्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून रंगीत कागदाच्या तुकड्यांचे जे प्रयोग करून घेतले, ते कापडाच्या चिंध्यांनीही करता येतात. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) भौमितिक अमूर्त चित्रकलेने यथार्थदर्शनाचा भ्रम सोडला, परंतु रंगाच्या परस्परसंबंधातून येणारा नेत्रगत भ्रम स्वीकारला. हा भ्रम कारण कळल्यावरही टिकतो. म्हणून तो दृष्टीच्या स्वभावाचा पुरावा आहे.

२) या भ्रमाविषयीच्या शास्त्रीय विचाराचे दोन महत्त्वाचे टप्पे, शेव्रल यांचा १८३९ चा ग्रंथ आणि बेझोल्ड यांचे १८७४ चे निरीक्षण, विणकामाच्या व्यवहारातील अडचणींतून व प्रयोगांतून निघाले. बाऊहाउसमध्येही माग आणि रंगविचार यांचे सान्निध्य होते.

३) महाराष्ट्रात १९५६ नंतर विणकर सेवा केंद्राच्या रूपाने चित्रकार आणि विणकर एका छताखाली आले. बरवे यांच्यासारख्या चित्रकारांच्या दृष्टीची घडण समजून घेताना या वर्षांना केवळ नोकरी म्हणून बाजूला सारता येत नाही.

४) चित्रकाराचे वेगळेपण हे ज्ञान निर्माण करण्यात नसून त्या ज्ञानाला पाहण्याचा स्वतंत्र विषय बनवण्यात आहे. त्यामुळे दोघांच्या श्रेयाची मांडणी एकमेकांच्या विरोधात करण्याची गरज उरत नाही.

५) यंत्रमागाच्या व्यवस्थेत रंगाचा निर्णय मागापासून तुटत असल्याने वृद्ध विणकरांकडील रंगज्ञानाची नोंद करण्याचे काम तातडीचे आहे. मागांच्या गावांतील महाविद्यालये ते सर्वांत कमी खर्चात आणि सर्वांत जवळून करू शकतात.

शेव्रल यांना गोबलँच्या कारागिरांनी केलेली तक्रार ग्रंथात आली, म्हणून आज रंगाच्या इतिहासात तिला स्थान आहे. तक्रार करणाऱ्या त्या विणकरांपैकी एकाचेही नाव रंगविचाराच्या ग्रंथांत सांगितले जात नाही. आपल्याकडील विणकरांच्या बाबतीत हे टाळणे अजून शक्य आहे.